रेघांनी घेतलेली जागा

आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर उमटू शकणाऱ्या आकारांची संख्या पक्की होती: 256. एका बाइटमध्ये त्याहून जास्त आकडे मावत नाहीत. यातला पहिला निम्मा भाग आस्की या अमेरिकी प्रमाणाने जवळजवळ भरून टाकलेला होता. उरलेल्या 128 जागा कोणाला द्यायच्या, हे मात्र आयबीएमच्या हातात होते. पुढे ‘कोड पेज 437’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या तक्त्यात फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, स्वीडिश अशा भाषांना लागणारी पण इंग्रजीत नसलेली अक्षरे मोजली, तर ती 33 च्या आसपास भरतात. चौकटी आखायच्या रेघा, कोपरे आणि जोड मात्र 40 आहेत. त्यांच्या अलीकडे-पलीकडे करड्या छटांचे आणि भरीव ठोकळ्यांचे आणखी आठ आकार आहेत. म्हणजे 176 ते 223 हा सलग 48 जागांचा पट्टा एकही अक्षर न घालता चौकटकामाला दिलेला आहे. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांचा आडवा काप दिलेला ‘ओ’ त्या तक्त्यात नाही, पोर्तुगीजचा अनुनासिक ‘आ’ नाही, स्पॅनिशच्या आघातचिन्ह असलेल्या मोठ्या स्वरांपैकी एक वगळता कोणी नाही. पण दुहेरी उभ्या रेघेला डावीकडून एकेरी आडवी रेघ येऊन मिळते, तो जोड आहे.

संगणकाच्या इतिहासात हा तपशील बहुधा गंमत म्हणून येतो: काळ्या पडद्याचा जमाना, हिरवी अक्षरे, चौकटीत बसवलेले मेनू. मला त्यात गमतीपेक्षा जास्त काही दिसते. मजकुराच्या पडद्यावरची रेघ सजावट म्हणून आली नाही. ती अक्षराच्या दर्जाने आली आणि अक्षराची जागा घेऊन बसली. जिथे दोघांची गाठ पडली तिथे अनेकदा अक्षरांनाच सरकावे लागले, आणि ती अक्षरे बहुतेक वेळा ज्यांनी तक्ता केला त्यांची नव्हती.

रेघेची गरज पडद्याच्याही आधीची आहे. टेलिटाइपच्या कागदावर तक्ता काढायचा तर हाताशी उणे, अधिक आणि उभा दांडा एवढीच चिन्हे होती, आणि त्यातला दांडाही धड नव्हता. ‘किंवा’ या तार्किक चिन्हाशी घोटाळा होऊ नये म्हणून आस्कीच्या 1967 च्या आवृत्तीत तो मधोमध तुटलेला दाखवला होता. 1977 च्या आवृत्तीत तो अखंड झाला, तरी आयबीएमच्या कीबोर्डवरच्या कळीवर नंतरही तुटकाच छापला जात राहिला. शिवाय उणे चिन्ह आपल्या घराच्या कडेपर्यंत पोचत नाही, दोन ओळींमध्ये फट राहते, आणि अधिक चिन्हाचा कोपरा केला की त्याचे दोन हात चौकटीबाहेर लोंबतात. तरीही काम भागत असे. इंटरनेटचा पाया असलेल्या टीसीपीचे वर्णन करणारा आरएफसी 793 हा दस्तऐवज सप्टेंबर 1981 चा, म्हणजे पीसीच्या पुढच्याच महिन्यातला. त्यातल्या पाकिटाच्या मथळ्याची आकृती अधिक-उण्यांनीच आखली आहे. मायएसक्यूएलचे टर्मिनलवरचे कोष्टक आजही तसेच छापून येते.

इथेच पहिला आक्षेप येतो. तीन चिन्हांत भागत होते, तर चाळीस जागा अडवायची गरज काय? कागदावरचा तक्ता आणि पडद्यावरची चौकट यांचे काम वेगळे आहे, हे त्याचे उत्तर. कागदावरचा तक्ता एकदा छापला की तसाच राहतो; त्याची रेघ डोळ्याला फक्त वाट दाखवते. पडद्यावर मजकुरावरच मेनू उघडतो, त्यावर सूचना येते, मग दोन्ही नाहीसे होतात आणि खालचा मजकूर परत दिसतो. कुठला भाग कशाचा, कशाच्या वर काय आहे आणि आत्ता टाइप केलेले अक्षर कुठे जाणार, हे सगळे रेघेलाच सांगावे लागते. बोर्लंडच्या टर्बो व्हिजनमध्ये चालू खिडकीची चौकट दुहेरी रेघेची आणि मागे पडलेल्या खिडक्यांची एकेरी असे. त्या एका फरकावर वापरणाऱ्याचे सगळे भान अवलंबून होते. आडवी दुहेरी रेघ बरोबरच्या चिन्हाने कशीबशी भागवता आली असती, हे खरे. दुहेरी उभ्या रेघेला आणि तिच्या कोपऱ्यांना आस्कीत काहीच नव्हते.

पडद्यावरच्या रेघेचा पहिला व्यापक तोडगा आयबीएमचा नव्हे, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा. तिचे व्हीटी100 टर्मिनल ऑगस्ट 1978 मध्ये आले. दूरच्या यंत्राकडून तारेने अक्षरे यायची ती सात बिटांची, म्हणजे एकूण आकडे 128 आणि तेही आस्कीने भरलेले. मग रेघांना जागा कुठून आणायची? डिजिटलने ती इंग्रजीच्या लहान लिपीतल्या अक्षरांकडून उसनी घेतली. एक नियंत्रक आकडा पाठवला की टर्मिनल दुसऱ्या संचावर जाते. त्या संचात ‘एल’ म्हणजे वरचा डावा कोपरा, ‘के’ म्हणजे वरचा उजवा, ‘एम’ आणि ‘जे’ खालचे दोन, ‘क्यू’ आडवी रेघ आणि ‘एक्स’ उभी. चौकट काढून झाली की दुसरा आकडा पाठवायचा आणि अक्षरांना त्यांची जागा परत द्यायची. ही वाटणी जागेची नव्हती, वेळेची होती, आणि तिच्यातली मेख वापरणाऱ्यांना लवकरच कळली. चुकून एखादी बायनरी फाइल पडद्यावर ओतली आणि तिच्यात नेमका तो आकडा निघाला, तर त्यापुढचा सगळा मजकूर कोपरे आणि जोड होऊन उमटे. टर्मिनल पूर्ववत करण्याची आज्ञाही टाइप करताना रेघांच्या रूपात दिसे. उलटही होई. संच बदलणारा आकडा वाटेत हरवला की सुबक चौकटीच्या जागी एल-क्यू-क्यू-क्यू-के अशी रांग येई. पुढे युनिकोड पद्धतीत चालणाऱ्या काही टर्मिनल-प्रोग्रॅमनी हा बदल मानायचेच सोडले, त्यामुळे ही रांग एकविसाव्या शतकातही लोकांना भेटत राहिली.

युनिक्सच्या जगाने यावर आणखी एक थर चढवला. बर्कलीत केन अर्नोल्डने लिहिलेल्या कर्सेस या प्रोग्रॅम-लायब्ररीत, आणि पुढच्या टर्मइन्फो या टर्मिनलांच्या नोंदवहीत, अशी सोय झाली की प्रोग्रॅमने फक्त ‘वरचा डावा कोपरा’ मागायचा. समोरच्या टर्मिनलवर तो कुठल्या आकड्याने मिळतो, हे नोंदवहीत पाहून ठरवायचे, आणि कोपराच नसेल तर अधिक चिन्ह द्यायचे. (त्या नोंदवहीतली सांकेतिक अक्षरेही व्हीटी100 चीच आहेत, दुसऱ्या कंपनीच्या टर्मिनलचा कोपराही ‘एल’ या नावानेच नोंदवला जातो.) रेघ काय आहे आणि तिचा आकडा काय आहे, या दोन गोष्टी इथे वेगळ्या झाल्या. पीसीवर त्या वेगळ्या झाल्या नाहीत, आणि पुढचे सगळे रामायण तिथूनच घडले.

पीसीच्या तक्त्यातल्या रेघा कुठून आल्या, याबद्दल बिल गेट्सने 1995 मध्ये फॉर्च्युन मासिकाच्या मुलाखतीत सांगितले होते की, ही चित्रविचित्र चिन्हे वँग कंपनीच्या वर्ड प्रोसेसरवरून घेतली. तसे सॉफ्टवेअर कधीतरी पीसीवर करायचा विचार होता. ते धरले तर रेघेचे मूळ कचेरीतल्या कागदपत्रांत सापडते. पण आयबीएमने तिला किती गांभीर्याने घेतले हे कळायला तक्ता पुरत नाही, सोबतचे मोनोक्रोम डिस्प्ले अडॅप्टर पाहावे लागते. त्या कार्डावर प्रत्येक अक्षराचे घर 9 ठिपके रुंद आणि 14 ठिपके उंच होते, पण आकार साठवणाऱ्या चिपमध्ये रुंदी आठच ठिपक्यांची. नववा ठिपका कोरा सोडायचा, म्हणजे अक्षरे एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाचायला बरी दिसतात. पण कोरा ठिपका रेघेला तोडतो. आडवी रेघ प्रत्येक घराशी तुटली असती. म्हणून सर्किटमध्येच एक अपवाद घातला: आकडा 192 ते 223 च्या दरम्यान असेल तर आठवा ठिपका नवव्यात पुन्हा उमटवायचा. द्विमान पद्धतीत या 32 आकड्यांचे पहिले तीन बिट सारखेच, एक-एक-शून्य, त्यामुळे तपासणी अगदी स्वस्तात होते.

आता तक्ता पुन्हा पाहिला की सुरुवातीला अस्ताव्यस्त वाटणारा क्रम उलगडतो. 179 पासून 191 पर्यंत उभी रेघ आहे, डावीकडे जाणारे जोड आहेत, उजव्या बाजूचे कोपरे आहेत. उजव्या कडेला स्पर्श करणारा एकही आकार नाही. उजवीकडे हात पसरणारे सगळे आकार 192 किंवा त्यापुढे आहेत. खालचा उजवा कोपरा 217 वर, म्हणजे सीमेच्या आत बसला आहे, पण त्याचा आठवा ठिपका कोराच असल्याने नववाही कोराच राहतो आणि काही बिघडत नाही. करड्या छटा मात्र 176 ते 178 वर सीमेबाहेर राहिल्या, म्हणून त्या कार्डावर छटेच्या पट्ट्यात बारीक उभ्या फटी दिसत. ज्या तक्त्याचा क्रम सर्किटच्या एका अपवादाशी इतका जुळतो, तो उरल्यासुरल्या जागा चिन्हांनी भरून टाकणाऱ्याने केलेला नाही. व्हीटी100 वर रेघ भाडेकरू होती, पीसीवर ती घरमालकीण झाली.

रेघच हवी होती तर चित्र म्हणून का काढली नाही, हा दुसरा आक्षेप. पीसीच्या मोनोक्रोम कार्डाला चित्र काढताच येत नव्हते. त्याच्याकडे 4 किलोबाइट स्मृती होती आणि 80 गुणिले 25 अक्षरे, प्रत्येकी दोन बाइट, असा 4000 बाइटांचा पडदा तिच्यात मावे. रंगीत कार्डावर 640 गुणिले 200 ठिपक्यांच्या चित्राला 16,000 बाइट लागत, म्हणजे चौपट, आणि प्रत्येक ठिपका 4.77 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरने हलवायचा. अक्षरांच्या पडद्यावर खिडकी उघडणे म्हणजे काही शे बाइट लिहिणे. टेलिफोनच्या तारेवर तर 1200 बॉडच्या वेगाने सेकंदाला साधारण 120 अक्षरे येत. 80 गुणिले 24 चा नुसता मजकूर भरायलाच 16 सेकंद लागत. तिथे ठिपक्याठिपक्याचे चित्र कोण पाठवणार? रेघ अक्षर झाली ती या हिशेबामुळे. आणि एकदा अक्षर झाल्यावर तिला अक्षरासारखाच आकडा मिळाला. वेगासाठी पीसीचे प्रोग्रॅम तो आकडा थेट पडद्याच्या स्मृतीत लिहू लागले. 205 म्हणजे दुहेरी आडवी रेघ, हे हजारो प्रोग्रॅमच्या आत कायमचे कोरले गेले.

याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते रशियन लिपीत. सोव्हिएत संघाच्या 1987 च्या अधिकृत प्रमाणात दोन तक्ते होते. ‘मुख्य’ तक्त्यात सिरिलिक अक्षरे सलग बसवली होती, आणि त्यासाठी रेघा त्यांच्या आयबीएमच्या जागांवरून हलवल्या होत्या. ‘पर्यायी’ तक्त्याने उलट केले: 176 ते 223 चा पट्टा जसाच्या तसा ठेवला आणि वर्णमाला त्याच्याभोवती मांडली. मोठी अक्षरे 128 पासून 159 पर्यंत, लहान अक्षरांपैकी पहिली सोळा 160 ते 175, मग रेघांचे 48 आकार, आणि त्यांच्या पलीकडे 224 पासून उरलेली सोळा. ‘प’ आणि ‘र’ या शेजारच्या अक्षरांच्या मध्ये चौकटीचे अख्खे दुकान! पीसीवर जिंकला तो हाच तक्ता, पुढे कोड पेज 866 या नावाने. पोलंडमधल्या माझोव्हिया आणि चेकोस्लोव्हाकियातल्या कामेनित्स्की या संकेतांनीही हेच धोरण धरले: आपली अक्षरे जुन्या लॅटिन अक्षरांच्या जागी कोंबायची, रेघांना हात लावायचा नाही.

यावर कोणी म्हणेल की, रशियनांना रेघेचे प्रेम नव्हते. त्यांना आयात प्रोग्रॅम न मोडता चालवायचे होते, एवढेच. बरोबर आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे. प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला त्यांच्या लिपीला त्या 48 जागांची गरज नव्हती, म्हणून त्या रेघांना देणे त्यांना फुकट पडले. पुढे आलेल्यांना आकडा बदलता येत नव्हता. बदलता येत होती ती फक्त स्वतःची वर्णमाला. हे अटळ होते असेही नाही. रशियातच युनिक्सवाल्यांनी केओआय8-आर हा संकेत चालवला, 1993 मध्ये आरएफसी 1489 म्हणून तो नोंदवलाही गेला, आणि त्यात रेघांनाच 128 च्या पुढच्या जागांत हलवले आहे. कर्सेससारखा थर मध्ये असला की रेघेचा आकडा बदलला तरी कोणाचे अडत नाही.

आयबीएमने स्वतः तडजोड केली ती कोड पेज 850 मध्ये. चाळीस रेघांत 11 शुद्ध एकेरी होत्या, 11 शुद्ध दुहेरी आणि 18 मिश्र. मिश्र अठरांना काढून त्यांच्या जागी पश्चिम युरोपची राहिलेली अक्षरे घातली. मग ज्या प्रोग्रॅमने दुहेरी चौकटीला एकेरी आडवी रेघ जोडली होती, त्याच्या खिडक्यांच्या कडेला 850 वापरणाऱ्या देशांत आघातचिन्हे असलेले ‘ए’ उगवू लागले. विंडोजने तर हा प्रश्नच सोडून दिला. तिथे खिडकीची कड ठिपक्यांनी आखली जात होती, रेघांना अक्षर राहायचे कारण उरले नव्हते, आणि विंडोजच्या लॅटिन तक्त्यात त्यांना एकही जागा मिळाली नाही. डॉसमधली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की आडव्या रेघेऐवजी दोन टिंबांच्या ‘ए’ ची लांबच लांब रांग दिसे, ती यामुळे.

आपल्या लिप्यांच्या बाबतीत वाट वेगळी निघाली. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 13194 हे 1991 चे प्रमाण, म्हणजे इस्की, आंतरराष्ट्रीय आठ-बिट रचनेप्रमाणे 161 पासून सुरू होते आणि ब्राह्मीकुळातल्या लिप्यांसाठी एकच उच्चारानुसारी मांडणी देते. त्या मांडणीत ‘क’ पडतो 179 वर, ‘ह’ 216 वर आणि काना 218 वर. आयबीएमच्या चाळीस रेघा 179 ते 218! अक्षरशः तेवढाच पट्टा. आयबीएमचा तक्ता धरून इस्कीतला ‘कमळ’ हा शब्द दाखवला तर एक उभी रेघ, एक दुहेरी उभ्या रेघेचा जोड आणि एक खाली दुहेरी पाय असलेला जोड दिसतो. उलट, डॉसमधली एकेरी चौकट इस्की समजून वाचली, तर तिची वरची कड काना, मग ‘द’ ची रांग आणि शेवटी ‘ड’ अशी वाचावी लागते. इस्कीने वर्णमाला तोडली नाही, आणि त्यासाठी पीसीच्या रेघांशी सरळ टक्कर घेतली.

ही हिंमत म्हणायची का? मला तसे वाटत नाही; इथे हिशेबच निराळा होता. रशियन अक्षराचा एक आकडा म्हणजे एक आकार, त्यामुळे रेघा वाचवल्या की आयात प्रोग्रॅम आयात कार्डावर तसाच चालतो. देवनागरीत आकडे ओळीने मांडून भागत नाही. जोडाक्षर बनवावे लागते, ऱ्हस्व इकार आधी काढावा लागतो, रफार मागे न्यावा लागतो, आणि 256 ठरीव आकार रंगवणारे साधे कार्ड यातले काहीच करत नाही. म्हणूनच आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्र एका वेगळ्या कार्डाच्या रूपाने पीसीत बसवावे लागले. त्या कार्डामुळे डीबेस किंवा लोटससारखे मूळचे इंग्रजी प्रोग्रॅम भारतीय लिप्या दाखवू लागले. यंत्रच नवे घालायचे असेल तर जुन्या आकड्यांसाठी वर्णमाला फाडण्यात फायदा काय? विरोधाभास असा की, देवनागरीची शिरोरेघ आणि चौकटीची आडवी रेघ यांची मागणी एकच आहे: शेजारच्या घराला भिडता आले पाहिजे. आयबीएमने त्यासाठी सर्किटमध्ये अपवाद घातला तो चौकटीच्या रेघेसाठी.

जागांचे भांडण मिटवले ते युनिकोडने, टंचाईच संपवून. 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात चौकटीसाठी 128 जागांचा स्वतंत्र गट आहे. आयबीएमच्या दुहेरी रेघा त्यात आहेत आणि पूर्व आशियाई प्रमाणांतल्या जाड रेघाही आहेत. जपानच्या प्रमाणात 1983 च्या आवृत्तीत अशा 32 आकारांची भर पडली होती, चीनचे 1980 चे प्रमाण तर त्याहून पुढे होते. मार्च 2020 च्या तेराव्या आवृत्तीत जुन्या घरगुती संगणकांवरचे आणखी 212 आकार आले. रेघेला जागा देण्यासाठी आता कोणाचेही अक्षर हलत नाही.

उरले ते रुंदीचे भांडण. जपानी किंवा चिनी फॉन्टमध्ये चौकटीची रेघ परंपरेने दोन घरे व्यापते, पाश्चात्त्य टर्मिनलवर एकच. युनिकोडने तिची रुंदी ‘संदिग्ध’ अशीच नोंदवली आहे, आणि प्रोग्रॅम व टर्मिनल यांचे त्यावर एकमत नसेल तर चौकट फाटते. फॉन्टवर विसंबायला नको म्हणून किटी, अलाक्रिटी यांसारखी टर्मिनले या रेघा फॉन्टमधून घेतच नाहीत, स्वतः ठिपक्यांनी आखतात. चाळीस वर्षांपूर्वी जे परवडत नव्हते ते आता असे मागच्या दाराने आले आहे. देवनागरीसाठी मात्र तशी सोय नाही. ‘कि’ ची घरे प्रोग्रॅम मोजतो दोन, कारण ऱ्हस्व इकाराला एक घर धरायचा प्रघात आहे. ‘क्ष’ चीही दोनच, कारण हलंताला शून्य आणि दोन व्यंजनांना एकेक. फॉन्ट ती जुळवून किती रुंद काढेल, हे टर्मिनलागणिक बदलते. त्यामुळे एकाच चौकटीत इंग्रजी ओळी आणि मराठी ओळी आल्या, की इंग्रजी ओळींची उजवी कड सरळ राहते आणि मराठी ओळींची एखाददुसरे घर आत-बाहेर होते.